१४ विजय, ० गुण: मेलबर्न स्टॉर्मची हंगामवार नोंद कशी लिहावी

प्रश्न एका मराठी विद्यार्थ्याचा आहे. तो मेलबर्नला शिकायला आला आणि इथल्या मेलबर्न स्टॉर्म या रग्बी लीग क्लबच्या जांभळ्या जर्सीच्या प्रेमात पडला. तो विचारतो: "काका, मी मेलबर्न स्टॉर्मच्या १९९८ पासूनच्या सगळ्या हंगामांचा तक्ता करतोय. कुठे सहा विजेतेपदं लिहिलेली दिसतात, कुठे चार. २०१० साली तर १४ सामने जिंकूनही शून्य गुण आणि शेवटचा नंबर. मी नेमकं काय लिहू? आणि असा तक्ता बघून क्लब किती चांगला, हे कळतं का?"

आधी सरळ उत्तर देतो. सहाही लिही आणि चारही लिही, फक्त एका रकान्यात लिहू नकोस.

स्टॉर्मने मैदानावर सहा अंतिम सामने जिंकले: १९९९, २००७, २००९, २०१२, २०१७ आणि २०२०. त्यातली २००७ आणि २००९ ही दोन विजेतेपदं लीगने, म्हणजे एनआरएलने (नॅशनल रग्बी लीग), २२ एप्रिल २०१० रोजी काढून घेतली. त्यामुळे अधिकृत विजेतेपदं चार. 'अंतिम सामन्याचा निकाल' हा एक रकाना आणि 'अधिकृत विजेता' हा दुसरा, असे दोन रकाने केलेस की गोंधळ उरत नाही. पहिला रकाना मैदानात काय घडलं ते सांगतो, दुसरा लीगने काय ठरवलं ते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीसाठी दुसरी पुसायची गरज नाही.

हे मी एवढं ठासून का सांगतो, त्यामागे जुना अनुभव आहे. मेलबर्नला येण्याआधी मी सांगली जिल्ह्यात कबड्डीच्या सामन्यांना गुणलेखक म्हणून बसायचो. एका कुमार गटाच्या स्पर्धेत एका संघाचे दोन खेळाडू वजनात जास्त भरले. संघ बाद झाला, ते योग्यच होतं. पण आयोजकांनी त्या संघाच्या सगळ्या सामन्यांची गुणपत्रकं फाडायला सांगितली आणि मी फाडली. पुढच्या वर्षी जिल्हा संघाच्या निवडीच्या वेळी त्याच संघातला एक मुलगा आला. त्याचं वजन नियमात होतं, त्याचा काही दोष नव्हता. आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या चढाया त्याने त्या स्पर्धेत केल्या होत्या आणि कागद म्हणत होता की ते सामने झालेच नाहीत. मी तिथे होतो, मी पाहिलं होतं, पण दाखवायला हातात काहीच नव्हतं. तेव्हापासून मी झालेला सामना कधी खोडलेला नाही. निकाल बदलला तर त्याच्या शेजारी लिहितो.

आता तुझ्या तक्त्याकडे वळू. त्याआधी एक खुलासा, कारण तुझा तक्ता भारतातले मित्रही वाचतील. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर खेळतात ती रग्बी युनियन, १५ जणांची. २०२५ साली मुंबईत झालेली रग्बी प्रीमियर लीग नावाने फसवते; ती ७ जणांची आणि युनियन घराण्यातलीच. स्टॉर्म खेळतो ती रग्बी लीग: १३ खेळाडू, आणि सहा टॅकलमध्ये काही करून दाखवायचं, नाहीतर चेंडू समोरच्याच्या हाती. १८९५ साली इंग्लंडमधल्या हडर्सफील्डला उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली, तिथून हा खेळ निघाला. वाद होता मजुरीचा. शनिवारी सामना खेळला म्हणून खाणीतल्या, गिरणीतल्या खेळाडूचा रोज बुडायचा आणि तो भरून द्यायची या क्लबांची तयारी होती. पैशावरून जन्मलेल्या खेळात ११५ वर्षांनंतरही सगळ्यात मोठं वादळ पैशावरूनच उठावं, हे मला नेहमी लक्षात ठेवण्यासारखं वाटतं.

तक्त्यातली पहिली चूक बहुतेक लोक 'स्थान' या रकान्यात करतात. स्टॉर्म १९९८ साली तिसरा आला, १९९९ सालीही तिसरा. वाचणाऱ्याला वाटतं, सारखंच. पण १९९८ च्या पहिल्या एनआरएल हंगामात २० संघ होते आणि १९९९ मध्ये १७. पुढे २००० साली १४ उरले. २००१ चा नववा क्रमांक म्हणजे १४ मधला नववा. म्हणून स्थान नुसतं लिहू नये, 'किती संघांत' तेही लिहावं: ३/२०, ३/१७, ९/१४.

दुसरी चूक 'गुण' या रकान्यात होते. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक, एवढं आयपीएल बघणाऱ्याला सांगायला नको. पण इथे 'बाय' म्हणजे सुट्टीच्या आठवड्यालाही दोन गुण मिळतात. म्हणून २०२१ चे ४४ गुण आणि २०२४ चे ४४ गुण एकसारखे नाहीत. २०२१ मध्ये स्टॉर्मने २४ पैकी २१ सामने जिंकले आणि एक बाय होता. २०२४ मध्ये १९ जिंकले आणि बाय तीन होते, कारण २०२३ पासून डॉल्फिन्स हा नवा क्लब आल्याने संघ १७ झाले होते. गुणांकडे न बघता विजय-बरोबरी-पराभव बघ, म्हणजे फसगत होणार नाही. २०२० चा हंगामही वेगळा धर. कोविडमुळे साखळीत फक्त २० सामने झाले. १६ विजय आणि ४ पराभव म्हणजे टक्केवारीत तो फार मोठा हंगाम आहे, पण नुसता '१६' हा आकडा २०१८ च्या २४ सामन्यांतल्या '१६' सारखाच दिसतो.

तिसरी गोष्ट, साखळीत पहिला येणं वेगळं आणि विजेता होणं वेगळं. साखळीत पहिला येणाऱ्याला इथे मायनर प्रीमियर म्हणतात आणि जे. जे. गिल्टिनन शील्ड मिळते. विजेतेपद मात्र बाद फेरीतून अंतिम सामना जिंकणाऱ्याचं. स्टॉर्मच्या इतिहासाचं सगळं दुःख या दोन रकान्यांच्या मधल्या फटीत आहे. २०११, २०१६, २०१७, २०१९, २०२१ आणि २०२४ अशा सहा वेळा हा क्लब अधिकृतपणे साखळीत पहिला आला. त्यातल्या फक्त २०१७ मध्ये तो विजेताही झाला.

बाद फेरीची पद्धतही सतत सारखी नव्हती, हे टिपेत लिहून ठेव. १९९९ ते २०११ पर्यंत मॅकिन्टायर पद्धत होती. पहिल्या आठवड्यात पहिला विरुद्ध आठवा, दुसरा विरुद्ध सातवा असे सामने व्हायचे आणि हरलेल्या चौघांतले साखळीत सगळ्यात खाली असलेले दोघेच घरी जायचे. ही पद्धत माहीत नसेल तर १९९९ ची ओळ कळतच नाही. त्या वर्षी स्टॉर्म बाद फेरीचा पहिला सामना सेंट जॉर्ज इलावाराकडून १०-३४ असा सपाटून हरला, तरी स्पर्धेत राहिला. मग कँटरबरीला २४-२२, पॅरामॅटाला १८-१६ असं निसटतं हरवत अंतिम फेरीत गेला, आणि समोर पुन्हा तेच सेंट जॉर्ज इलावारा.

तो सामना, २६ सप्टेंबर १९९९, सिडनीचं नवं ऑलिंपिक स्टेडियम, १,०७,९९९ प्रेक्षक. मध्यंतराला स्टॉर्म ०-१४ मागे. शेवटच्या मिनिटांत क्रेग स्मिथ ट्रायसाठी, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण घ्यायला, झेपावला, चेंडू हातात आला आणि त्याच क्षणी जेमी एन्सकोचा हात त्याच्या डोक्यावर बसला. पंच बिल हॅरिगन यांनी व्हिडिओ पंचाकडे विचारणा केली आणि पेनल्टी ट्राय, म्हणजे समोरच्याच्या चुकीमुळे बहाल केलेली ट्राय, मिळाली. मॅट गायरने गोलखांबांसमोरून किक मारली, २०-१८. कर्णधार ग्लेन लॅझरस याआधी कॅनबेरा आणि ब्रिस्बेनबरोबर जिंकला होता. तिसऱ्या क्लबबरोबर जिंकून तो निवृत्त झाला. ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगमध्ये फूट पडली त्या काळात न्यूज लिमिटेड या माध्यम कंपनीच्या पैशावर उभा राहिलेला, ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या शहरात रुजवलेला क्लब, दुसऱ्याच हंगामात विजेता. तुझ्या तक्त्यात मात्र ही ओळ फक्त '३/१७, विजेता' अशी दिसेल. म्हणून शेवटचा 'टीप' हा रकाना रुंद ठेव.

२००० ते २००२ भराभर जातं. २००० च्या जानेवारीत जागतिक क्लब सामन्यात सेंट हेलेन्सला ४४-६ हरवलं. तो साखळीचा भाग नाही, वेगळ्या रकान्यात घाल. २००० मध्ये सहावा. २००१ मध्ये हंगाम चालू असताना प्रशिक्षक ख्रिस अँडरसन गेले, मार्क मरे आले आणि क्लब नववा राहिला. २००२ मध्ये १५ संघांत दहावा, ९ विजय, १ बरोबरी, १४ पराभव. ही ओळ नीट जपून ठेव, कारण हरलेल्या सामन्यांचा आकडा जिंकलेल्यांपेक्षा मोठा असलेली ओळ त्यानंतर २०२५ पर्यंत या तक्त्यात आलेली नाही.

२००३ मध्ये क्रेग बेलामी आले. ते ब्रिस्बेनमध्ये वेन बेनेट यांचे सहायक होते. पहिल्या वर्षी पाचवा, मग सहावा, पुन्हा सहावा. बाहेरून बघणाऱ्याला या तीन ओळी सपाट वाटतात. मला त्या सगळ्यात मोलाच्या वाटतात, कारण याच वर्षांत कॅमरन स्मिथ, बिली स्लेटर आणि कूपर क्रॉन्क ही पोरं तयार होत होती. पेरणी दिसते तिथे पीक दिसत नाही आणि हंगामवार तक्ता फक्त पीक मोजतो.

पीक आलं ते २००६ मध्ये. २४ पैकी २० विजय, साखळीत पहिला, अंतिम सामन्यात ब्रिस्बेनकडून ८-१५ हार. २००७ मध्ये २१ विजय आणि अंतिम सामन्यात मॅनलीवर ३४-८. २००८ ची ओळ तर एखाद्या कादंबरीसारखी आहे. स्टॉर्म, मॅनली आणि क्रोनुला तिघांचे १७-७. गुणफरकावर स्टॉर्म पहिला. बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात आठव्या क्रमांकाच्या वॉरियर्सकडून १५-१८ हार. पुढच्या आठवड्यात ब्रिस्बेनविरुद्ध शेवटच्या मिनिटाला ग्रेग इंग्लिसची ट्राय, १६-१४. त्याच सामन्यातल्या टॅकलवरून कर्णधार स्मिथ निलंबित. क्रोनुलाला त्याच्याशिवाय २८-० हरवलं आणि अंतिम सामन्यात मॅनलीने ४०-० असं धुतलं. अंतिम सामन्यातला तो सगळ्यात मोठा फरक. २००९ मध्ये साखळीत चौथा, १४-१-९, आणि अंतिम सामन्यात पॅरामॅटावर २३-१६.

याच ठिकाणी तुझा पेन अडला आहे.

एनआरएलमध्ये प्रत्येक क्लबला खेळाडूंच्या पगारावर वरची मर्यादा असते, सॅलरी कॅप. आयपीएलच्या लिलावात प्रत्येक संघाची पर्स ठरलेली असते, तोच हेतू: श्रीमंताने सगळे चांगले खेळाडू गोळा करू नयेत. स्टॉर्ममध्ये करारांचे दोन संच होते. एक लीगकडे जमा केलेला, दुसरा लपवलेला. लीगचे मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड गॅलप यांनी शिक्षा जाहीर केली, ती अशी: २००७ आणि २००९ ची विजेतेपदं रद्द, २००६, २००७, २००८ ची साखळीतली पहिली स्थानं रद्द, एकूण १६.८९ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा भुर्दंड, त्यातली ११ लाखांची बक्षिसाची रक्कम बाकीच्या १५ क्लबांत वाटायची. २०१० मध्ये तोवर मिळवलेले ८ गुण वजा. आणि उरलेल्या हंगामात कितीही जिंका, गुण मिळणार नाहीत. पुढे हिशेबतपासनीसांनी पाहिलं तेव्हा पाच वर्षांतला जास्तीचा खर्च ३१.७ लाख डॉलर निघाला.

शिक्षा योग्य होती का, हे तू विचारलं नाहीस, पण नोंद ठेवणाऱ्याला मत असावं, म्हणून सांगतो. मला ती योग्य वाटते. मी स्टॉर्मचा चाहता आहे आणि तरीही म्हणतो. पॅरामॅटाच्या माणसाच्या जागी उभं राहून बघ. त्यांचं शेवटचं विजेतेपद १९८६ चं. २००९ मध्ये ते अंतिम सामना हरले ते मर्यादेपलीकडे पैसे मोजून बांधलेल्या संघाकडून. आणि विजेतेपद काढल्यावर ते त्यांना मिळालंही नाही. २००७ आणि २००९ ही दोन्ही वर्षं अधिकृत यादीत रिकामी आहेत. म्हणून 'अधिकृत विजेता' या रकान्यात उपविजेत्याचं नाव सरकवू नकोस. 'कोणीही नाही' असं स्पष्ट लिही. रिकामा चौकोन सोडलास तर वाचणाऱ्याला वाटेल की माहिती मिळाली नाही.

वैयक्तिक नोंदी मात्र शाबूत आहेत. २००७ च्या अंतिम सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं क्लाइव्ह चर्चिल पदक इंग्लिसचंच आहे, २००९ चं स्लेटरचंच. त्या वर्षांतले सामने, ट्राय, किक सगळे खेळाडूंच्या खात्यावर जमा आहेत. स्मिथने कारकिर्दीत ४३० सामने खेळले, त्यात ती वर्षं मोजलेली आहेत. म्हणजे लीगनेही सामने खोडले नाहीत, सन्मान काढून घेतला. हा फरक तुझ्या तक्त्यात दिसला पाहिजे.

२०१० ची ओळ लिहिताना एक गोष्ट विसरू नकोस. निर्णय गुरुवारी आला. रविवारी, अँझॅक दिनाला (इथला सैनिकांचा स्मृतिदिन), वॉरियर्सविरुद्ध सामना होता. गुण मिळणार नाहीत हे माहीत असताना ती पोरं उतरली आणि ४०-६ जिंकली. पुढे हंगामभर खेळत राहिली आणि १४ सामने जिंकले. इतक्याच विजयांवर हा क्लब २००९, २०१४ आणि २०१५ मध्ये बाद फेरीत होता. गुणतक्त्यावर तो १६ पैकी सोळावा आहे आणि ते खरं आहे. पण 'त्या वर्षी स्टॉर्म सगळ्यात वाईट संघ होता' असं कोणी म्हटलं तर ते खोटं आहे.

असं एकट्या स्टॉर्मचंच झालेलं नाही. २००२ मध्ये कँटरबरी बुलडॉग्ज सलग १७ सामने जिंकून वर होते. सॅलरी कॅपच्याच भंगासाठी ३७ गुण वजा झाले आणि ते शेवटचे राहिले. २००९ मध्ये बुलडॉग्जचेच मैदानावर जास्तीचा खेळाडू आल्याबद्दल दोन गुण गेले. १८ विजय असूनही १७ विजयांच्या सेंट जॉर्ज इलावाराने गुणफरकावर पहिलं स्थान घेतलं. म्हणून कोणत्याही रग्बी लीग क्लबचा तक्ता करताना 'वजा गुण' हा रकाना हवाच, बहुतेक ओळींत तो कोरा राहिला तरी.

२०१० नंतर मर्यादेत बसण्यासाठी इंग्लिस, रायन हॉफमन, ब्रेट व्हाइट असे बरेच जण सोडावे लागले. आणि २०११ मध्ये हा क्लब पुन्हा साखळीत पहिला, १९-५. २०१२ मध्ये दुसरा, अंतिम सामन्यात कँटरबरीवर १४-४. त्या २०१२ च्या '१७-७' मध्ये सलग पाच पराभव लपले आहेत. दरवर्षी हंगामाच्या मध्यावर क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स या दोन राज्यांचे स्टेट ऑफ ओरिजिन सामने होतात. स्मिथ, स्लेटर, क्रॉन्क तिघंही क्वीन्सलँडकडून जायचे आणि मागे उरलेला संघ अर्धा रिकामा असायचा. जमलं तर हंगामाचे तीन भाग करून विजय मोज: ओरिजिनआधी, ओरिजिनच्या काळात, नंतर. स्टॉर्मसारखे मोठे खेळाडू असलेले क्लब मधल्या भागात घसरताना दिसतात.

पुढच्या ओळी सोप्या आहेत. २०१६ मध्ये अंतिम सामन्यात क्रोनुलाकडून १२-१४ हार. २०१७ मध्ये २०-४ आणि अंतिम सामन्यात नॉर्थ क्वीन्सलँडवर ३४-६. क्रॉन्कचा स्टॉर्मकडून शेवटचा सामना. २०१८ च्या अंतिम सामन्यात तोच क्रॉन्क खांद्याचं हाड मोडलेलं असताना रूस्टर्सकडून मैदानात उभा राहिला आणि स्टॉर्म ६-२१ हरला. २०२० मध्ये कोविडमुळे संघ घरदार सोडून क्वीन्सलँडच्या सनशाइन कोस्टला राहिला, म्हणून त्या वर्षीच्या 'घरच्या मैदानावर' या रकान्याला टीप हवी. अंतिम सामन्यात पेनरिथवर २६-२० जिंकून स्मिथने त्याच सामन्यावर कारकीर्द संपवली. २०२१ मध्ये सलग १९ विजय, १९७५ च्या ईस्टर्न सबर्ब्सच्या विक्रमाची बरोबरी, आणि तरी अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर पेनरिथकडून ६-१० हार. २०२४ मध्ये पेनरिथकडूनच अंतिम सामन्यात ६-१४. २०२५ मध्ये साखळीत दुसरा, १७-७, अंतिम सामन्यात ब्रिस्बेनकडून २२-२६.

तुझा दुसरा प्रश्न, क्लब किती चांगला हे तक्त्यावरून कळतं का. विजेतेपदांचा रकाना झाकून ठेव आणि फक्त 'बाद फेरीत पोचला का' हा रकाना वरून खाली वाच. २००३ पासून २०२५ पर्यंत २३ हंगाम, एकच प्रशिक्षक आणि २०१० सोडून प्रत्येक वर्षी 'हो'. सॅलरी कॅप असलेल्या स्पर्धेत असं होऊ नये, यासाठीच तर कॅप असते. चांगले खेळाडू सोडावे लागतात, नवे घडवावे लागतात, तरी ओळ तुटत नाही. २००६ ते २०१० या पाच वर्षांबद्दल कोणी शंका घेतली तर ती रास्त आहे. ती वर्षं बाजूला काढ. उरलेली १८ वर्षं बघ. माझं मत त्या १८ वर्षांवर आहे.

आणि २०१० ची ओळ मी माझ्या वहीत अशी लिहिली आहे, हवी तर तशीच घे: सामने २४, विजय १४, पराभव १०, गुण ०, स्थान १६/१६, बाद फेरी, अपात्र. टीप: २२ एप्रिलच्या निर्णयाने ८ गुण वजा, पुढचे गुण नाकारले, सगळे सामने खेळले गेले.